प्राण्यांना जगायला काय लागतं? मुलांना उत्तर पाठ असतं, तरीही पिल्लू का दगावतं?

एक्सप्लेनर | डिजिटल डेस्क, वाशिम

मी दुसरीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंगरुळपीर तालुक्यातल्या आजोळी गेलो होतो. घराच्या पत्र्याच्या वळचणीतून चिमणीचं एक पिल्लू अंगणात पडलं. मी ते उचललं, बुटांच्या खोक्यात कापूस घालून त्यावर ठेवलं. चमच्याने दूध पाजलं. पोळी कुस्करून चोचीत घातली. खोक्याला झाकण लावलं आणि हवेसाठी पेन्सिलने दोन भोकं पाडली. अन्न, पाणी, हवा, निवारा. शाळेत शिकवलेल्या चारही गोष्टी मी दिल्या होत्या.

सकाळी पिल्लू थंड पडलं होतं.

पुढे परीक्षेत 'प्राण्यांच्या गरजा लिहा' हा प्रश्न आला. मला पूर्ण गुण मिळाले.

चूक कुठे झाली, हे कळायला बरीच वर्षं गेली. मी त्या पिल्लाला जे दिलं ते माणसाच्या बाळाला लागतं, चिमणीच्या पिल्लाला नाही. आजही अंगणवाडीपासून तिसरी-चौथीपर्यंतच्या बहुतेक मुलांना चार गरजांची यादी तोंडपाठ असते. 'कोणाला काय, किती आणि कसं' हा पुढचा भाग मात्र राहून जातो. तो मुलांना कसा शिकवायचा? चला, समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचं

• अन्न, पाणी, हवा, निवारा या गरजा सगळ्यांच्या; पण प्रत्येक प्राण्याचं अन्न वेगळं, घर वेगळं, श्वास घ्यायची पद्धतही वेगळी.
• लहान मुलं प्राण्यांचा विचार स्वतःवरून करतात. त्यात चूक नाही, पण तिथेच थांबलं तर प्राण्याचा जीव जाऊ शकतो.
• गावातल्या मुलांकडे शिकण्याचं साहित्य घरातच असतं: कोठा, खुराडं, वावर आणि माळ.
• जखमी किंवा एकटं दिसलेलं पिल्लू उचलण्याआधी थांबा, बघा, मग मोठ्यांना सांगा.

यादी बरोबर आहे, मग अडचण काय?

इंजिनिअरिंगला असताना कोणतंही मशीन समोर आलं की आधी त्याच्यावरची पाटी वाचायची सवय लावली जायची. किती व्होल्टचं, किती भार सोसणारं, कोणत्या तेलावर चालणारं. 'मशीनला वीज लागते' हे वाक्य खरंच आहे, पण तेवढ्यावर कोणी प्लग लावत नाही. प्राण्यांच्या बाबतीत आपण मुलांना नेमकं तेवढंच वाक्य शिकवतो.

एक-एक गरज घेऊन बघा.

हवा : आपण नाकाने श्वास घेतो. मासा कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेतं. नाकतोड्याच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, हवा तिथून आत जाते. बेडकाला फुप्फुसं असतात आणि त्वचाही कामी येते. गांडूळ उन्हात ठेवलं की त्याची त्वचा सुकते आणि भोवती हवा असूनही ते गुदमरतं.

अन्न : मोठी चिमणी दाणे टिपते, म्हणून पिल्लालाही दाणे चालतील असं वाटतं. पण चिमणा-चिमणी पिल्लांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवतात, कारण वाढीसाठी प्रथिनं लागतात. दूध पक्ष्यांना नीट पचत नाही. आणि चोचीत ओतलेलं पाणी किंवा दूध थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरट्यातल्या पिल्लाला लागणारा ओलावा त्याच्या अन्नातूनच मिळतो. माझ्या खोक्यातल्या पिल्लाचं काय झालं असावं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

निवारा : 'गाय–गोठा, घोडा–तबेला, पक्षी–घरटं' अशा जोड्या आपण सगळ्यांनी लावल्या आहेत. त्यातली शेवटची जोडी अर्धीच खरी आहे. बहुतेक पक्ष्यांसाठी घरटं म्हणजे बाळंतघर. अंडी आणि पिल्लं यांच्यापुरतं ते वापरायचं. एरवी रात्री ते फांदीवर, झुडपात, कपारीत झोपतात. म्हणजे रिकामं घरटं देऊन पक्ष्याला घर मिळत नाही. झाड तोडलं तर मात्र घर जातं.

आणि यादीत नसलेली गरज, ऊब आणि सोबत : अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. कोंबडी पंखाखाली घेते ती यासाठीच. दाणा आहे, पाणी आहे, खुराडं आहे, पण आई नाही आणि बल्बही नाही, तर थंडीच्या रात्री पिल्लं टिकत नाहीत.

लहान मुलं नेमका कसा विचार करतात?

'झाडाला भूक लागते का?', 'मुंगीला आई असते का?' असे प्रश्न चार-पाच वर्षांची मुलं विचारतात. मूल ज्या सजीवाला सगळ्यात चांगलं ओळखतं तो ते स्वतः. म्हणून अनोळखी प्राण्याबद्दल विचारलं की ते स्वतःवरून अंदाज बांधतं. मला थंडी वाजते, म्हणजे सापालाही स्वेटर हवा.

यावर जपानमध्ये एक सुंदर अभ्यास झाला. मानसशास्त्रज्ञ कायोको इनागाकी यांनी १९९० मध्ये घरी गोल्डफिश पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांची तुलना केली. मासा पाळणाऱ्या मुलांना माशाबद्दल जास्त माहिती होती, यात नवल नाही. पण त्यांना कधीही न पाळलेल्या बेडकाबद्दल विचारलं, तेव्हा ती मुलं माशावरून विचार करून समजुतीची उत्तरं देऊ शकली. बेडकाचं पिल्लू कायम लहानच ठेवता येईल का? नाही, कारण आमचा मासाही वाढला. एक प्राणी रोज हाताखालून गेला की दुसरा समजायला तो पूल होतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात शहरातली मुलं, विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागातली मुलं आणि तिथल्या मेनॉमिनी या आदिवासी समाजातली मुलं यांना प्राण्यांविषयी प्रश्न विचारले गेले. शहरी लहान मुलांचा विचार माणसाभोवती फिरत होता. निसर्गाच्या जवळ वाढलेल्या मुलांना प्राण्यांमधली आपापसातली नातीही दिसत होती.

वाशिमसारख्या जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातून वाशिमचंही नाव होतं. शिक्षण हा त्यातला एक निकष. आपल्याकडे काय कमी आहे याचीच चर्चा होते. पण या विषयात रिसोड किंवा मानोऱ्याच्या खेड्यातलं मूल फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलापेक्षा चार पावलं पुढे असू शकतं. अट एकच, त्याच्याकडचं ज्ञान वर्गात मोजलं गेलं पाहिजे.

कोठा हीच प्रयोगशाळा

संध्याकाळची वेळ. बैल वावरातून आलेत, कुटार खाऊन निवांत बसलेत. पहिलीतला नातू आजोबांना विचारतो:

"आबा, याचं खाणं तं झालं. मंग हा अजून काऊन चावून रायला?"

"रवंथ करून रायला रे बापू. पयले गबागबा खाल्लं, आता बसल्या बसल्या बारीक करून रायला."

"मंग कोंबडीले तं दातच नाहीत. ते कशी चावते?"

अशा दोन मिनिटांच्या गप्पांमध्ये एक अख्खा धडा असतो. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव चारा कुजवतात, मग तो पुन्हा तोंडात येतो आणि बारीक चावला जातो. दिवसातले कित्येक तास यात जातात. म्हणून बैलाला फक्त चारा देऊन भागत नाही, बसून रवंथ करायला निवांत वेळही द्यावा लागतो. कोंबडीचं तसं नाही. ती बारीक खडे गिळते, आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांनी दाणे भरडले जातात. खडे ही सुद्धा गरजच.

शेळी आणि गाय एकत्र चरताना मुलाला दाखवा. गाय खाली मान घालून गवत खाते. शेळी मान वर करून बाभळीचा, बोरीचा पाला ओरबाडते. दोघींचं 'अन्न' एकाच शब्दात लिहिलं जातं, पण एकाच रानात दोघींची ताटं वेगळी.

पाण्याचा हिशोब तर आणखी सोपा. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पिऊ शकतं. मुलाला बादल्या मोजायला सांगा. आपल्या घरात प्यायला किती लागतं, बैलाला किती, शेळीला किती, कोंबडीच्या वाटीत किती. गणित आणि परिसर अभ्यास एकाच वेळी होतो.

पोळ्याची पुरणपोळी : प्रेम आणि प्रमाण

पोळा हा विदर्भातल्या मुलांचा आवडता सण. आदल्या दिवशी खांदशेकणी होते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळली जाते. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, तोरण आणि पुरणपोळीचा घास. वर्षभर राबणाऱ्या जनावराला काय लागतं याची आठवण ठेवणारा हा सण आहे. जू ओढून दुखावलेल्या खांद्याला मालीश, अंगाला आंघोळ, एक दिवस विसावा. या सगळ्या खऱ्या गरजा आहेत.

पुरणपोळीचं मात्र प्रमाण सांभाळावं लागतं. एक घास मानाचा. पण पाच घरं फिरून प्रत्येक घरी भरपूर पोळी, भात, गोड खाऊ घातला तर बैलाच्या पोटातलं संतुलन बिघडतं. चाऱ्याची सवय असलेल्या पोटात अचानक पीठ आणि गूळ गेला की आम्ल वाढतं, पोट फुगतं, वेळेवर उपचार न मिळाल्यास जनावर दगावतंही. मुलाला हे सणाच्या दिवशीच सांगा. 'आपल्याला आवडतं ते त्याला पचतंच असं नाही,' हे वाक्य बैलासमोर उभं राहून ऐकलेलं मूल विसरत नाही.

काळविटाला जंगल हवं का?

आता कोठ्यातून बाहेर पडू. 'हरीण कुठे राहतं?' या प्रश्नावर जवळपास प्रत्येक मूल म्हणेल, 'जंगलात.' चित्राच्या पुस्तकात हरणामागे दाट झाडी असतेच.

पण वाशिम जिल्ह्यातच या उत्तराला छेद देणारी जागा आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य. सुमारे १८ चौरस किलोमीटरचं, २००० साली घोषित झालेलं. तिथे जंगलापेक्षा मोकळा गवताळ माळ महत्त्वाचा आहे, कारण काळविटाला तोच लागतो.

का? काळविटाचं संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे. लांबून लांडगा दिसला पाहिजे आणि सुसाट पळायला जागा पाहिजे. दाट झाडीत या दोन्ही गोष्टी निकामी होतात. खायला गवत, प्यायला जवळपास रोज पाणी, लांबवर दिसेल असं मोकळं रान, आणि पाडस लपवायला थोडं उंच गवत. ही काळविटाची यादी. यातली कोणती गोष्ट 'निवारा' म्हणायची? त्याचं घर म्हणजे छप्पर नाही, भिंत नाही. त्याचं घर म्हणजे नजरेच्या टोकापर्यंतचं मोकळं रान.

याच माळाला आपण बोलताना 'पडीक' म्हणतो. सरकारी नोंदींतही देशभरातल्या अनेक गवताळ जमिनी पडीक म्हणूनच लागल्या आहेत. मुलांना 'झाडं लावा' सांगणं योग्यच आहे. पण 'सगळीकडे झाडं लावा' असं सांगितलं, तर गवताळ माळावरच्या प्राण्यांचं घर आपण चांगल्या हेतूने बुजवतो. कारंजा लाड इथली 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजासोबत गवताळ कुरणं राखण्याचं काम करते. पूर्वी शिकारीवर जगलेल्या या समाजाला कोणत्या गवतात कोण राहतं, कोण कधी अंडी घालतं याची बारीक माहिती असते. प्राण्याची गरज ओळखल्याशिवाय ना शिकार करता येते, ना राखण.

आणखी एक बाजू मुलांपासून लपवू नये. हरणं, रोही आणि रानडुकरं वावरात येतात, सोयाबीन-तूर-हरभऱ्याचं नुकसान करतात, आणि रात्र-रात्र जागल करणारा शेतकरी त्या मुलाचा बापच असतो. 'प्राण्यांवर प्रेम करा' एवढं सांगून त्याला हे कोडं सुटत नाही. त्यापेक्षा प्रश्न विचारा, तो प्राणी इथे का आला असेल? त्याच्या यादीतली कोणती गोष्ट त्याच्या जागेवर मिळत नसेल? पाण्यासाठी आलेलं जनावर कठडा नसलेल्या विहिरीत पडतं, तेव्हा नुकसान दोघांचंही होतं. गरजा कळल्या की राग आणि दया यांच्या पलीकडचा विचार सुरू होतो.

प्रेमाने केलेल्या पाच चुका

पुढच्या पाचही गोष्टी मुलं, आणि बरेचदा मोठी माणसं, चांगल्या मनाने करतात.

१. 'एकट्या' पाडसाला घरी आणणं. काळविटाची मादी पिल्लाला पहिले काही दिवस गवतात लपवून स्वतः लांब चरते. दूध पाजायला परत येते. पाडस हलत नाही, आवाज करत नाही, कारण तेच त्याचं संरक्षण असतं. सोयाबीनच्या तासात असं पाडस दिसलं की ते 'अनाथ' वाटतं. उचललं की ते खरोखरच अनाथ होतं. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे घरी ठेवणं गुन्हाही ठरतो.

२. घरट्यातून पडलेल्या पिल्लाला दूध-पाणी पाजणं. पिसं न आलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताशी असेल, तर मोठ्यांनी ते अलगद परत ठेवावं. 'माणसाचा हात लागला की आई टाकून देते' हा समज बहुतेक पक्ष्यांबाबत खरा नाही. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते उडायला शिकत असतं. मांजर-कुत्रा लांब ठेवायचा आणि आपणही लांब थांबायचं.

३. नागाला दूध पाजणं. साप सस्तन प्राणी नाही. दूध हे त्याचं अन्नच नाही, ते पाजल्याने त्याला इजा होते. तो उंदीर, बेडूक खातो, आणि एकदा खाल्ल्यावर कित्येक दिवस त्याला काही लागत नाही. नागपंचमीला मुलांना सापाचं चित्र काढू द्या आणि त्याच्या ताटात उंदीर काढायला सांगा. शेतकऱ्याचा तो मित्र का, हे त्याच चित्रातून कळतं.

४. नाल्यातला मासा बाटलीत ठेवणं. बाटलीत पाणी भरपूर दिसतं, पण त्यातला ऑक्सिजन मासा वापरून टाकतो. अरुंद तोंडातून नवी हवा मिसळत नाही. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. खिडकीतल्या उन्हात ठेवलेली बाटली म्हणूनच घातक.

५. उरलेलं अन्न पिशवीत बांधून गाईसाठी ठेवणं. गाय गाठ सोडत नाही, पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पोटात साचतं आणि चाऱ्याला जागा उरत नाही. अन्न द्यायचं तर पिशवीतून काढून, ताजं आणि थोडंच द्या.

कुरणात भरलेली शाळा

हे सगळं शिकवायला महागडे तक्ते, प्रोजेक्टर लागतात का? महाराष्ट्राने याचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची अनेक मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं चारायला जावं लागायचं. तेव्हा बाईंनी शाळाच मुलांमागे कुरणात नेली. तिचं नाव 'कुरणशाळा'. गुरं चरताहेत, मुलं त्यांच्यावर लक्ष ठेवून आहेत, आणि तिथेच पानं, दगड, बिया, पक्षी घेऊन शिकणं सुरू आहे.

यातला विचार आजही ताजा आहे. गुराख्याच्या मुलाला गुरांविषयी काहीच येत नाही असं धरून सुरुवात करण्यापेक्षा त्याला जे येतं तिथून सुरुवात करायची. तिसरीच्या परिसर अभ्यासात निवाऱ्यावरचा धडा आहे, चौथीत प्राण्यांच्या जीवनक्रमावरचा. धडे पुस्तकात आहेतच. ते वाचण्याआधी एक तास शाळेच्या कुंपणाबाहेर घालवला तर पुस्तक जास्त बोलकं होतं.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

पाच बोटांचे प्रश्न : कोणताही प्राणी दिसला की मुलाने एकेक बोट उघडत विचारायचं. हा काय खातो? पाणी कुठून मिळवतो? श्वास कसा घेतो? कुठे लपतो आणि झोपतो? याला सोबत कोण लागतं? पाच बोटं, पाच उत्तरं. एखाद्या बोटाचं उत्तर आलं नाही, तर तो उद्याचा शोध.

एका प्राण्याचा पहारा : मुलाने एकच प्राणी निवडायचा. शेळी, खारूताई, मुंगी, पाल, काहीही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी दहा-दहा मिनिटं लांबून बघायचं आणि चित्र काढायचं. लिहिता येत नसेल तर मोठ्यांनी त्याचे शब्द चित्राखाली लिहावेत. दुपारी कुत्रा जीभ बाहेर काढून का धापा टाकतो, हे मग विचारावं लागत नाही. माणसासारखा त्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो थंड होतो.

मुंगीची पंगत : कागदावर साखरेचे दाणे, पोळीचा तुकडा आणि मीठ थोड्या-थोड्या अंतरावर ठेवा. आधी अंदाज, मग अर्ध्या तासाने पाहणी. अंदाज चुकला तरी चालतो. विज्ञानाची सुरुवात तिथूनच होते.

पाण्याचं पसरट भांडं : विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. सावलीत मातीचं उथळ भांडं ठेवा, दीड-दोन इंचच पाणी भरा, मध्ये एक खडा ठेवा म्हणजे मधमाशी बुडणार नाही. पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं काम मुलाकडे द्या. एक दिवस विसरलं तर भांडं कोरडं दिसतं, आणि दुसऱ्याची गरज आपल्यावर अवलंबून असणं म्हणजे काय, ते कळतं. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला सुरुवात करता येईल. हा दिवस सुरू करण्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, हेही मुलांना सांगा.

सहल : वाशिम शहराजवळचा एकबुर्जी जलाशय असो की गावचा पाझर तलाव, हिवाळ्यात सकाळी काठावर शांत बसा. बगळा उथळ पाण्यात उभा राहतो, पाणकावळा बुडी मारतो. एकाच तळ्यात दोघांची जेवायची जागा वेगळी, हे डोळ्यांनी दिसतं.

पोपट पिंजऱ्यात सुखी असतो का?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पाच बोटांवर तपासा. पेरू-मिरची मिळते, वाटीत पाणी आहे, हवा आहे, छप्पर आहे. चार बोटं उघडली. पाचवं? पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे, त्याला उडायला आकाश आणि सोबतीला थवा लागतो. शिवाय आपल्याकडचे देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 'जिवंत आहे' आणि 'नीट जगतोय' यातला फरक लहान मुलालाही या एका उदाहरणातून कळतो.

सुरक्षितता : हे मुलांना आधी सांगा

• अनोळखी कुत्रा, मांजर, माकड यांना हात लावायचा नाही. जेवणाऱ्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या प्राण्याच्या जवळ जायचं नाही.
• चावा किंवा ओरखडा झाला तर लपवायचं नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळपास उरत नाही, त्यामुळे लस वेळेत घेणं हाच बचाव.
• साप दिसला तर लांब व्हायचं, दगड मारायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं.
• वन्यप्राणी जखमी किंवा विहिरीत पडलेला दिसला तर वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ या क्रमांकावर कळवा. गाय, बैल, शेळी आजारी असेल तर पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२.
• प्राणी, माती, पिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.

मग परीक्षेत काय विचारायचं?

'प्राण्यांच्या चार गरजा लिहा' हा प्रश्न काढून टाकायची गरज नाही. त्याच्या खाली एक ओळ वाढवली तरी पुरे: 'तुझ्या घराजवळच्या एका प्राण्याला यातली प्रत्येक गोष्ट कुठून मिळते?' याचं उत्तर पाठ करता येत नाही. त्यासाठी बघावंच लागतं. आणि प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येईल, कारण एकाच्या घरी शेळी असेल, दुसऱ्याच्या घरी फक्त भिंतीवरची पाल.

गेल्या उन्हाळ्यात आजोळच्या त्याच अंगणात माझ्या भाचीला चिमणीचं पिल्लू दिसलं. तिने खोकं मागितलं. आम्ही आधी पाच बोटं मोजली. पिल्लाला पिसं आली होती, ते टुणटुण उड्या मारत होतं. पाचव्या बोटाशी तिने वर बघितलं. वळचणीवर चिमणी ओरडत होती, तिच्या चोचीत अळी होती.

भाची मांजराला हाकलायला दारात बसली. अर्धा तास. खोकं काही लागलं नाही.